सेहेचाळीस चौरस मीटर

बोरीच्या घरात माझ्या खोलीला दार नाही,
पडदा आहे.
निळा, त्यावर बदकं. दादाच्या बारशाच्या वेळचा,
म्हणजे वयाने माझ्याहून मोठा.
एकतीस वर्षांची बाई त्याच्यामागे कपडे बदलते
आणि आधी खोकते,
बाहेरच्यांना कळावं म्हणून.

कुंडईच्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या तपासते मी.
एका कप्प्यात गोळी नसली की पट्टी बाद.
सात वर्षं पगारातले थोडे थोडे बाजूला टाकत गेले
आणि आई म्हणत राहिली, लग्नाला होतील.
मी नाही म्हटलं नाही.
हो पण नाही.

पर्वरीला एक फ्लॅट पाहायला गेले होते, नुसताच.
तिथल्या मुलीने थंड पाणी दिलं, विचारलं,
"मॅडम, राहायला की सुट्टीला?"
राहायला, म्हटल्यावर
तिने दुसरं, पातळ माहितीपत्रक काढलं.
मग तेही परत ठेवलं.

शेवटी कुर्टीला मिळाला.
सेहेचाळीस चौरस मीटर, भिंती धरून.
तिसरा मजला, लिफ्ट येणार आहे म्हणतात.
खिडकीतून ट्रान्सफॉर्मर दिसतो,
मान वाकडी केली तर कुणाच्या तरी पोफळींचे शेंडे.

घरी सांगितलं तेव्हा आई उकडे तांदूळ निवडत होती.
"इथं काय कमी पडलं?"
तिला खडा सापडेपर्यंत मी थांबले.
कमी काहीच नव्हतं. तेच सांगता येत नव्हतं.
वहिनीने मात्र पडद्याकडे एकदा बघून घेतलं,
मनातल्या मनात पाळण्याचं माप घेतल्यासारखं.
राग नाही. मीही तेच केलं असतं.

बाबा काही बोलले नाहीत.
कदंबच्या बसमध्ये तेहेतीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस,
सुट्टे नसले तरच बोलायचा.
दुसऱ्या दिवशी म्हणाले, कागद दाखव.

आम्ही मुंडकार. घराखालची जमीन भाटकाराची.
आजोबांनी दावा लावला, बाबांनी चालवला,
फोंड्याला मामलेदाराकडे तारखा पडत राहिल्या,
तीन वकील झाले, त्यातला एक वारला.
न्हाणीघर वाढवायचं तर परवानगीची वाट पाहिली चार वर्षं,
आणि मग रात्रीत बांधलं.

बाबांनी चष्मा पुसला. करारनाम्यावर बोट ठेवून
वाचलं, तिकिटाचा नंबर वाचावा तसं:
"सुलक्षा रोहिदास गावडे."
मधल्या नावावर बोट जरा जास्त थांबलं.
"बाय, हें सगळें तुज्याच नांवार?"
"बँकेच्या," मी म्हटलं. "वीस वर्षं."
ते हसले नाहीत.
"तरी पूण," म्हणाले.

किल्ली मिळून तीन महिने झाले.
मी अजून बोरीलाच झोपते.
सामान नाही, हे सांगायचं कारण.
सामानाला पैसे नाहीत, हे खरं.
आणि एक रात्र मी तिथे चटईवर काढली होती,
कुणाचाच खोकला ऐकू येईना, झोप लागली नाही,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

शनिवारी पाळी सुटली की जाते.
फरशीवर बसून डबा खाते.
दार लावते. उघडते. पुन्हा लावते.

मागच्या शनिवारी बेल वाजली.
बाबा. एका हातात घडीची खुर्ची,
दुसऱ्यात आईने दिलेली सोलांची पुडी,
म्हणजे तिने काहीतरी दिलं तर.
दुसरी किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती,
मीच दिलेली, टोक दिसत होतं.
"उघडून यायचं ना," मी म्हटलं.
ते चपला काढत होते, उंबऱ्याबाहेरच,
तीन मजले चढून लागलेला दम लपवत.

"भितर येवं?"

उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला.